कुंभाराने नाकारलेली मांजरी

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नदीवर अजून पूल झाले नव्हते, तेव्हाची. नदीकाठच्या एका गावात रखमाजी नावाचा कुंभार राहत होता. त्याच्या माठातलं पाणी उन्हाळ्यात असं गार लागायचं, की चार गावची माणसं त्याच्याच दाराशी येत. माठाबरोबर रखमाजी एक सल्लाही देई. तो मात्र फुकट असे, आणि न मागता मिळे.

सल्ला कायम एकच असायचा. कोणी बैल घ्यायला निघालेला असो, कोणी गडी ठेवणार असो, रखमाजी चाक फिरवता फिरवता म्हणायचा, "कच्च्या मातीला हवा तो आकार देता येतो. भाजलेल्या मडक्याला कान जोडता येत नाही." बोलणं चटकदार होतं. गावाच्या तोंडी बसलं. पुढेपुढे तर दारात भोपळ्याचा वेल लावायचा की नाही, हे ठरवतानाही लोक रखमाजीच्या मडक्याला मध्ये आणू लागले.

मग रखमाजीची बायको गोदा वारली. मूलबाळ नव्हतं. म्हातारा माती मळताना सवयीने तिच्याशी बोलायचा आणि उत्तर आलं नाही की गप्प व्हायचा. लोकांना त्याने सांगितलं, घरात उंदीर फार झालेत, एक मांजर आणावं म्हणतो. उंदीर होते चारदोन. खरं तर त्याला बोलायला कोणीतरी हवं होतं.

गोदाची एक जिवाभावाची मैत्रीण होती, भागाबाई परटीण. ती आता कायमची लेकीच्या गावी निघाली होती आणि जावयाला घरात मांजर चालत नव्हतं. तिच्याकडे आठ वर्षांची एक कबरी मांजरी होती आणि कुंपणात सापडलेलं एक पिल्लू. तिने रखमाजीला बोलावून घेतलं.

"दाजी, पिल्लू तेलीणही मागतेय," ती म्हणाली. "हिला कोणी विचारत नाही. वय तुमचंही झालंय, हिचंही. दोघं एकमेकांना पुराल."

कबरी उठली आणि रखमाजीच्या पावलाला टेकून बसली. तिचं ऊबदार ओझं त्याला बरं वाटलं. पण हातात पिल्लू होतं, ते त्याचं बोट चोखत होतं, आणि तोंडात चाळीस वर्षांचं वाक्य तयार होतं. त्याने ते म्हटलं. मोठं मांजर काही आपल्या घराला लागायचं नाही, असंही वर जोडलं.

भागाबाईने कबरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाणी मात्र भाजलेल्याच मडक्यात राहतं, दाजी. आणि आमची गोदा पहिला नवरा गेल्यावर पाट लावून तुमच्या घरी आली, तेव्हा तिशी ओलांडून आली होती. लागली ना घराला?"

रखमाजीला ते झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. पण गावाला जन्मभर एक सांगून आता आपण दुसरं कसं करायचं, लोक हसतील, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने पिल्लू उपरण्यात गुंडाळलं आणि कबरीच्या अंगाखालून पाऊल काढून घेतलं.

दोन दिवसांनी भागाबाई गेली. कबरी बंद दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. रखमाजीची माती आणायची वाट त्या दारावरूनच जायची. तो रोज तिच्यापुढे दुधात कुस्करलेली भाकरी ठेवायचा. ती खायची आणि त्याच्या मागे मागे चालू लागायची. वळणावर आला की तो वळून "हट" म्हणायचा, मग ती थांबायची. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी कबरी त्याला उंबऱ्याशीच आडवी पडलेली सापडली. खाणीच्या मऊ मातीत त्याने तिला पुरलं. ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही, घरी चिंगीलाही नाही.

चिंगी म्हणजे ते पिल्लू. आकार देता येतो म्हणून आणलं, पण ती रखमाजीच्या बापाला ऐकेल तर शपथ. उन्हात वाळत घातलेल्या ओल्या माठांवरून ती खुशाल चालत जायची. म्हातारा आधी ओरडला, मग नाद सोडला आणि माठ तसेच भाजले. गळ्याखाली उमटलेले ते चिमुकले पंजे बायकांना इतके आवडले, की त्या पंजाचाच माठ मागू लागल्या. रखमाजी पुन्हा माती मळताना बोलू लागला. चिंगी चाकाजवळ बसून ऐकायची.

पाच वर्षं गेली. रखमाजीला खोकला जडला, धाप लागू लागली. आपले दिवस भरत आले, हे त्याला कळलं. त्याला स्वतःची चिंता नव्हती. चिंगीचं कसं होणार, एवढाच घोर होता. एका सकाळी तिला काखेत घेऊन तो बाहेर पडला. मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. इथे म्हातारा मांजराला घेऊन सात घरं फिरला.

कोणी त्याला तोडून बोललं नाही. तेलिणीने बसायला पाट दिला, ताक दिलं. "रखमाजीबाबा, पिल्लू असतं तर आनंदाने घेतलं असतं," ती म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, भाजलेल्या मडक्याला कान जोडता येत नाही." साती घरी त्याला हेच ऐकायला मिळालं, आणि साती घरी ते त्याच्यावरच्या मायेने म्हटलेलं होतं.

सातव्या घरी तो म्हणाला, "मी चुकीचं सांगत होतो, पोरी. पाणी भाजलेल्याच मडक्यात राहतं." त्या घरच्या सुनेला वाटलं, दुखण्याने बाबांचं चित्त फिरलं. चाळीस वर्षं गावात मुरलेलं वाक्य एका सकाळीत कसं निघणार?

परतताना तो भागाबाईच्या बंद दाराशी आला आणि कबरी बसायची त्याच जागी बसला. चिंगीच्या पाठीवर हात ठेवून तो रडला. गोदा गेली तेव्हाही तो इतका रडला नव्हता.

चौथ्या दिवशी रखमाजी गेला. चिंगी थांबलेल्या चाकावर जाऊन बसली. लोक चांगले होते, येता जाता तिच्यापुढे दूधभाकरी ठेवत. ती खाऊन त्यांच्या मागे मागे चालू लागे. वळणावर आले की ते वळून "हट" म्हणत.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. घरोघरी लोक माठातलं गार पाणी पिऊन रखमाजीचं नाव काढत. त्या माठांच्या गळ्याखाली चिंगीचे पंजे होते, आणि त्यांतल्या एकाही घरात चिंगीला जागा नव्हती. पावसाळ्याच्या तोंडाशी ते चाकही रिकामं दिसलं.

म्हणून लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: ज्या शब्दाने आपण कोणाला दारातून परतवून लावतो, त्याच शब्दाने उद्या आपलं माणूस दुसऱ्याच्या दारातून परत फिरतं.