भरतीच्या वेळची सभा

फार पूर्वी शूर्पारक बंदरात महीसेन राजाचे राज्य होते. त्या जन्मी बोधिसत्त्व तेथे समिक नावाचा व्यापारी होऊन राहत होता.

खाडीकाठच्या लोकांनी मिळून एक गलबत बांधले होते. कोणी सागाच्या फळ्या दिल्या, कोणी दोर वळून दिले, कोणी गाठीची नाणी आणून ओतली. चंपिका नावाच्या विधवा विणकरणीने वर्षभर खपून शीड विणून दिले. ज्याने काही दिले त्याला गलबताचे चित्र उमटवलेली मातीची मुद्रा मिळाली. ती ज्याच्याजवळ तो गलबताचा मालक, मग तो लहान असो की मोठा. कारभार पाहायला पाच जण नेमले होते. त्यांचा मुखिया उग्रसार श्रेष्ठी, आणि पाचवा आपला समिक.

बंदराची एक जुनी रीत होती. गलबताविषयी काही ठरवायचे तर मुखियाने सभेत तीनदा विचारायचे. जो गप्प राहील त्याची संमती धरायची. पण एका जरी मालकाने 'नाही' म्हटले तरी ठराव मोडला. रीत चांगली होती. चांगली रीत वाकवायला फारशी अक्कल लागत नाही, निर्लज्जपणा लागतो, आणि तो उग्रसाराकडे मुबलक होता.

गलबत दोनदा परदेशी जाऊन आले. माल उतरे तो उग्रसाराच्या मेव्हण्याच्या वखारीत, दुप्पट भाड्याने. दोर घेतले जात त्याच्या जावयाकडून, तेही कुजके. लोक आपला वाटा विचारायला आले की "यंदा समुद्र फार खवळला होता" असे सांगून त्यांच्या तोंडाला पाने पुसायची. समिकला हे सारे दिसत होते. तो अधूनमधून कुरकुरला, पण अडून बसला नाही. बोधिसत्त्व झाला तरी माणसाच्या जन्मात माणसाची भीड असतेच.

चंपिकेचा मुलगा भरुकच्छला एका सावकाराकडे दास म्हणून गहाण होता. गलबताच्या वाट्यातून त्याला सोडवायचे, या एका आशेवर बाई जगत होती. समिक दिसला की ती विचारी, "बाबा, आपलं गलबत कुठवर आलं असेल हो?"

तिसऱ्या खेपेला गलबत मिरी विकून सोने घेऊन परतले. पण ते शूर्पारकाला आले नाही. उग्रसाराने ते कल्याणच्या खाडीत दडवले आणि इकडे आवई उठवली की गलबत वादळात बुडाले. मग त्याने आपल्या चार सोबत्यांना घरी बोलावले.

"मुद्रेमागे दोन पायल्या तांदूळ देऊ आणि मुद्रा परत घेऊ," तो म्हणाला. "बुडालेल्या गलबताचे तांदूळ मिळतात म्हटल्यावर लोक आपल्या पाया पडतील. पुढे गलबत आपलं, सोनंही आपलं. समिक, पाचात एक वाटा तुझा."

समिक काही बोलला नाही. उग्रसाराने तीच संमती धरली.

सभेची दवंडी अगदी रीतसर पिटली गेली. दिवस अमावस्येचा, वेळ ऐन भरतीची, आणि जागा खाडीतले बेट! काठावरच्या साऱ्या होड्या उग्रसाराने आदल्या दिवशीच भाड्याने अडकवून ठेवल्या होत्या. कारभाऱ्यांची होडी निघाली तेव्हा चंपिका कमरेएवढ्या पाण्यात उतरून आली.

"अरे, मला घ्या रे! मी मालकीण आहे, ही बघा मुद्रा!"

"जागा नाही, माय," उग्रसार गोड आवाजात म्हणाला. "तुम्ही कशाला उन्हात त्रास घेता? तुमच्याच भल्याचं ठरवायला चाललोय आम्ही."

होडी निम्मी रिकामी होती.

बेटावर तिवरांची झाडी आणि बगळे यांखेरीज कोणी नव्हते. तरीही उग्रसाराने उभे राहून, हात जोडून, खड्या आवाजात ठराव विचारला. बाकीचे तिघे मूग गिळून बसले. समिकही बसला. उग्रसाराने दुसऱ्यांदा विचारले. समिकने पलीकडे पाहिले. चंपिका अजून पाण्यात उभी होती आणि तिचा मुद्रेचा हात वर होता. तिला यातले अक्षरही ऐकू जात नव्हते, आणि तिचे ते न ऐकणे इथे होकार म्हणून धरले जात होते.

उग्रसाराने तिसऱ्यांदा विचारले.

"नाही," समिक म्हणाला. "ठराव मोडला."

उग्रसाराने बाकीच्यांकडे वळून विचारले, "कोणी काही ऐकलं का?"

"छे," एक म्हणाला. बाकीच्या दोघांनीही माना हलवल्या. ठराव संमत झाला असे ठरवून ते चार बहिरे पाने मांडून जेवायला बसले.

समिक तसाच भरतीच्या पाण्यात उतरला. काठ जवळ आला तेव्हा त्याचे हात चालेनासे झाले. चंपिकेने खांद्यावरचे जाड वस्त्र त्याच्याकडे फेकले. ते शिडाच्याच सुताचे होते, तुटले नाही. तिने त्याला ओढून चिखलात घेतले.

"माय, गलबत बुडालेलं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "कल्याणला आहे. मला ठाऊक होतं."

चंपिकेने विचारले, "ठाऊक होतं, तर इतके दिवस का नाही बोललात?"

समिक चिखलातून उठला आणि दारोदार जाऊन, गलबताची खरी हकिगत सांगत मालकांना काठावर बोलावू लागला.

ओहोटीला कारभारी परतले तेव्हा काठावर सारे मालक जमले होते. समिक पुढे झाला. "उग्रसारा, मी नाही म्हटलेलं तुला ऐकू आलं नाही. मग आता इथे विचार, सगळ्यांसमोर."

उग्रसार हसला. जमलेल्यांतले अर्धे त्याच्या मेव्हण्याच्या वखारीत राबत होते, उरलेले त्याच्या चाळींत राहत होते. त्यांची तोंडे उघडणार नाहीत याची त्याला खात्री होती. त्याने ठराव विचारला. लोकांनी माना खाली घातल्या. त्याने पुन्हा विचारला. कोणी तरी नुसते खाकरले. त्याने तिसऱ्यांदा विचारला.

"नाही," चंपिका म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून ती ओरडली, "नाही! माझा पोरगा तिकडे दुसऱ्याची भांडी घासतोय. नाही!"

मग कुंभार म्हणाला, सुतार म्हणाला, आणि सारा काठ 'नाही, नाही' म्हणून गर्जू लागला. उग्रसाराच्या नावाड्यानेही वल्हे खाली टाकले आणि तो 'नाही' म्हणाला. त्याच्याही कमरेला मुद्रा होती.

सोने शूर्पारकाला आले आणि मुद्रांप्रमाणे वाटले गेले. उग्रसाराच्या हातून कारभार गेला. चंपिका स्वतः भरुकच्छला गेली आणि मुलाला हाताला धरून घेऊन आली. समिकने मात्र आपल्या मुद्रेचा वाटा घेतला नाही. तो म्हणाला, दोनदा गप्प बसलो, त्याचे हे देणे.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. समोर तो भिक्षू बसला होता, ज्याने इतर सारे भिक्षेला गेलेले पाहून विहारात आलेल्या वस्त्रांची वाटणी उरकली होती. शास्ता त्याला म्हणाले, "भिक्षू, त्या वेळचा उग्रसार तू होतास. दाराशी उभी राहून ऐकणारी ही वृद्ध भिक्षुणी तेव्हाची चंपिका. आणि समिक मी होतो. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा माझ्या तोंडून जे निघाले, ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

भिक्षूने मान खाली घातली. मग तो उठला आणि सर्वांसमोर त्याने नव्याने वाटणी करायला वस्त्रांची गाठोडी पुन्हा सोडली.