दगडी कळीला पाणी

“हत्तीएवढी कळी कोरलीस, पण ही उमलत का नाही?” रत्नधर राजाने भिकोबा पाथरवटाला विचारलं.

“महाराज, दगड आहे तो!”

“ते मला दिसतंय! तळ्यातली कमळं रोज उमलतात, तीही बिनपगारी. पौर्णिमेला ही कळी माझ्यासमोर उमलली पाहिजे! त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही, दोरी ओढायची नाही, छिन्नी मारायची नाही. नाही उमलली, तर तुझा छिन्नी-हातोडा जप्त! पुन्हा या राज्यात दगड घडवायचा नाहीस!”

भिकोबाला दुसरं कोणतंच काम येत नव्हतं. त्याची मुलगी हौसा पुढे झाली.

“महाराज, पाणी घातलेलं चालेल?”

“कळीला पाणी घालू नका असं कोण म्हणेल?”

“पण ज्याची कळी, त्यानेच घालायचं.”

“म्हणजे मी?”

“मग काय शेजारच्या राजाला बोलवायचं?”

राजाला ते पटलं.

घरी येताच भिकोबा करवादला, “पोरी, पाण्याने कधी दगड उमलतो का?”

“बाबा, खाणीत कातळ कसा फोडता?”

“भोकं पाडायची, सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, वर पाणी ओतायचं. लाकूड फुगतं आणि दगड...” भिकोबा बोलता बोलता थांबला आणि छिन्नी शोधू लागला.

बापलेकींनी पाकळ्या मुळाशी कोरून बारीक केल्या, फटींत खोलवर पाचरी ठोकल्या.

पौर्णिमेला सकाळपासून राजा शिडीवर चढून घागरी ओतत होता. मुकुट भिजला. दुपार झाली.

“अजून?”

“घाला, महाराज. कळी मोठी आहे.”

उन्हं कलली आणि कडाड्कन आवाज झाला! एकेक पाकळी सुटली आणि खाली कोरलेल्या दगडी पानांवर मागे रेलली. शिडीवरच्या राजाने आ वासला. पण हार मानेल तो राजा कसला!

“उमललं, कबूल! पण कमळ संध्याकाळी मिटतं. आता हे मिटवून दाखव!”

“मिटेल की!” हौसाने रिकामी घागर त्याच्यापुढे धरली. “सकाळपासून ओतलेलं पाणी तेवढं यात परत भरून द्या.”

राजाने घागरीकडे पाहिलं, कमळाकडे पाहिलं आणि इतका हसला, की शिडी दोघांना धरावी लागली. खाली उतरताच त्याने खाणीचा अख्खा डोंगर हौसाच्या नावे इनाम केला.