शाबूत कठडा

“...मग ती पडली कशी, बुवा? तेवढं सांगा.”

झिंगरूबुवा वखराची दांडी तासत बसले होते. त्यांचा हात थांबला नाही.

वासुदेव बोरीकरानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. माडीच्या जिन्याचा कठडा हलला नव्हता. एक सांधा सुटला नव्हता. बेचाळीस उभे दांडे, त्यातला एकही जागचा सरकला नव्हता. त्यानं स्वतः लाकडी हातोडीनं एकेक ठोकून पाहिला होता.

“कधी पाहिला?” बुवांनी विचारलं.

“त्याच दिवशी. घाटावरून आल्यावर.”

तासणी थांबली.

...

“आंघोळ झाली होती?”

वासुदेवानं मान खाली घातली. नव्हती झाली. बायकोला अग्नी देऊन तो घरी आला होता. दारात पाण्याची बादली ठेवली होती, बाया रडत होत्या, आणि तो त्याच धोतरानं सरळ जिन्यावर जाऊन कठडा ठोकायला लागला होता. टक्, टक्, टक्. बायांचं रडणं त्या आवाजानं थांबलं, असं मागाहून त्याला कोणी तरी सांगितलं.

याला आता सतरा दिवस झाले होते.

वासुदेव हा बुवांचाच शिष्य. पंधराव्या वर्षी वैनगंगा ओलांडून त्यांच्याकडे आला आणि अकरा वर्षं राहिला. बुवा वखर करायचे, दारं करायचे, पाळणे करायचे. गावाला लागेल ते. वासुदेवाच्या हाताला मात्र वेगळीच ओढ होती. त्याला वेल काढायची होती, पानं काढायची होती, लाकडातून मोराची मान वळवायची होती. एक दिवस तो बुवांना म्हणाला, तुमच्या कामाकडे कोणी वळून पाहत नाही. बुवा म्हणाले, खरं आहे. दुसऱ्या दिवशी वासुदेव आपली पेटी घेऊन निघाला.

पुढे त्याचं नाव झालं. चार तालुक्यांत देव्हारे, झोपाळे, मोठमोठ्या घरांचे दरवाजे त्याच्या हातचे गेले. मग त्यानं स्वतःचं घर बांधलं, वर माडी, माडीला जिना. जिन्याच्या एका बाजूला भिंत, दुसरी बाजू उघडी. त्या उघड्या बाजूला कठडा बसवायचा होता, आणि वासुदेवानं ठरवलं की आयुष्यात एकदा करायचं असं काम इथं करायचं.

आलापल्लीकडचं जुनं सागवान त्यानं निवडून आणलं. वर्षभर सावलीत वाळत ठेवलं. तोवर घरची माणसं उघड्या जिन्यावरून वर-खाली करत राहिली. दांडे कातून झाले, वरची पट्टी तासून झाली, तिच्यावर वरपासून खालपर्यंत एक सलग वेल चालली. पट्टी दांड्यांवर बसवताना त्यानं लोखंडाचा एक खिळा वापरला नाही. सगळं कूस आणि साल, म्हणजे एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, वरून लाकडी खुंटी. शेवटचा सांधा बसला तेव्हा त्यात कागदसुद्धा शिरत नव्हता. मग लाखेचं पॉलिश, एकावर एक पंधरा हात.

पॉलिश वाळेपर्यंत कठड्याला हात लावू नका, असं त्यानं घरात बजावलं.

पॉलिश आठवड्यात वाळलं. पण लोक पाहायला येऊ लागले. लांबून यायचे, खाली उभे राहून मान वर करून पाहायचे. वासुदेव त्यांना पट्टीवरून नजर फिरवायला सांगायचा, बोट नाही. एकदा त्याची बायको शेवंता पीठ मळता मळता उठली आणि वर गेली. परत आली तेव्हा वेलीवर तिची पाच बोटं उमटली होती. पाहुणे बसलेले होते. वासुदेवानं त्यांच्यादेखत स्पिरिटचा बोळा घेऊन ती बोटं पुसून काढली. तो काही बोलला नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढचे तीन दिवसही नाही.

त्यानंतर घरात कोणी हात लावला नाही. शेवंता रोज सकाळी मऊ फडक्यानं कठडा पुसायची. तिचा हात त्याला लागायचा तो फडक्यातून.

हे सगळं वासुदेवानं बुवांना त्या दिवशी सांगितलं नाही. त्यानं सांगितलं ते सागवानाचं, खुंट्यांचं आणि सांध्यांचं. जिन्याच्या पायऱ्या मोजून सांगितल्या. पट्टीची उंची सांगितली. तो बोलत होता आणि बुवा ऐकत होते.

शेवटी म्हणाला, “माझं काम चुकलं असेल तर चुकलं म्हणा जी. नसेल तर नाही म्हणा. मला झोप येत नाही.”

बुवांनी तासणी खाली ठेवली आणि अंगात सदरा घातला.

वासुदेवानं त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. म्हातारा ऐंशीच्या पुढचा. पुलावर वारा लागला तेव्हा बुवांनी त्याच्या खांद्याला घट्ट धरलं.

घर थंड होतं. दुपारची वेळ. वासुदेवाची मुलगी रेखा दारात आली. एकोणीस वर्षांची, गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती, आईला भेटायला म्हणून सुट्टीत आली ती अडकली होती. तिनं वाकून नमस्कार केला, पाणी आणून दिलं आणि आत गेली.

बुवा जिन्यासमोर ओट्यावर बसले. त्यांनी कठड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“सुंदर आहे,” ते म्हणाले.

वासुदेवाचे डोळे भरून आले. आपल्या गुरूच्या तोंडून हा शब्द निघावा म्हणून तो वीस वर्षं थांबला होता, आणि तो निघाला तो अशा घरात, अशा दिवशी. आणि तरी त्याच्या छातीत काही तरी सुखावलं. ते सुखावलं हे त्याला कळलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

बुवांनी कनवटीची पिशवी काढली. तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, सावकाश मळली. चिमूट तोंडात टाकली. मग गुडघ्यावर हात देत उठले आणि जिन्याकडे गेले.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला. चुन्यानं माखलेला हात कठड्याकडे नेला.

“बुवा, हात—”

वासुदेवाच्या तोंडून गेलं. तो दोन पावलं पुढेही झाला होता.

बुवांचा हात तसाच राहिला. पट्टीच्या वर, वीतभर अंतरावर.

...

घरात कुठे तरी नळ ठिबकत होता.

बुवांनी हात मागे घेतला. धोतराला पुसला नाही. वासुदेवाकडे वळले नाहीत. फक्त भिंतीकडे पाहत राहिले, जिन्याच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडे. वासुदेवानंही पाहिलं.

भिंत पांढरी होती. तिच्यावर वरपासून खालपर्यंत, पायऱ्यांच्या उताराबरोबर, एक काळपट पट्टा उतरत आला होता. तेलकट. कुठे काजळी, कुठे पीठ बसलेलं, कुठे हळदीची पुसट पिवळी बोटं. कोणाचा तरी तळवा दिवसातून दहा वेळा वर-खाली होऊन तो पट्टा उमटला होता. एका ठेंगण्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर.

कठडा बसल्यापासून दोन वर्षं तो समोर होता. वासुदेवाला तो पहिल्यांदा दिसला.

वर दार वाजलं. रेखा माडीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होती. खाली दोघं उभे आहेत हे तिनं पाहिलं आणि ती तशीच उतरत राहिली, भिंतीला खांदा घासत, एक हात भिंतीवर टेकत. उरलेली अर्धी पायरी रिकामी होती. कठडा तिच्यापासून दोन हात लांब होता.

बुवांनी तिला थांबवलं. त्या दिवशी तू कुठं होतीस, असं विचारलं.

रेखा बापाकडे न पाहता सांगू लागली. ती खालीच होती, इथंच, झाडत होती. आई माडीच्या गच्चीवर कैरीच्या फोडी वाळवायला गेली होती, मीठ-हळद लावून. उतरताना तिच्या उजव्या कमरेवर रिकामी परात होती, म्हणून भिंतीचा आधार घेता येत नव्हता. डावा हात मोकळा होता. वरून चौथ्या पायरीवर तिचा पाय लुगड्यात अडकला.

इथं ती थांबली.

“पुढे?” बुवा म्हणाले.

“आबाजी, मी हे कोणाला सांगितलं नाही.”

“नको सांगू मग.”

ती थोडा वेळ कपड्यांच्या घड्या नीट करत राहिली.

“आईचा हात कठड्याकडे गेला होता. मी पाहिला. हात हळदीनं भरलेला होता...” तिचा आवाज सपाट होता. “लागलाच होता जवळजवळ. मग तिनं तो मागे घेतला.”

...

रेखा कपडे घेऊन आत गेली. आतून पेटीचं झाकण लावल्याचा आवाज आला. ती संध्याकाळच्या बसनं परत जाणार होती, आणि परत कधी येणार हे तिनं सांगितलं नव्हतं.

वासुदेव उभा होता तिथून हलला. मागच्या पडवीत गेला आणि कुऱ्हाड घेऊन आला. बुवा जिन्याच्या तोंडाशीच होते. ते बाजूला झाले नाहीत.

वासुदेव म्हणाला की त्याला हा तोडायचाय, आत्ता, याचं सरपण करायचंय.

बुवा म्हणाले, “यानं काय केलं?”

“बुवा, सरका.”

“त्या दिवशी तू याचे सांधे तपासत होतास, चूक याची निघते का म्हणून. आज तोडायला निघालास. दोन्ही वेळा यालाच पुढे करतोस.”

कुऱ्हाड खाली आली. फरशीवर टेकली. वासुदेवाच्या हातातून ती सुटली की त्यानं ठेवली, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो खालच्या पायरीवर बसला. त्याच पायरीच्या दगडी कडेवर शेवंताचं डोकं आपटलं होतं. तो तिथं बसलाय हे त्याच्या लक्षात आलं आणि तरी तो उठला नाही.

बुवा त्याच्या शेजारी बसले नाहीत. उभेच राहिले.

वासुदेवानं विचारलं. आवाज इतका लहान होता की म्हाताऱ्याला वाकावं लागलं.

“मी मारलं का जी तिला?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं या मुलाला त्यांनी हाताखाली घेतलं होतं. रंधा कसा धरायचा ते शिकवलं होतं, लाकडाचा कल बोटांनी कसा ओळखायचा ते शिकवलं होतं. त्याचं बोट करवतीनं कापलं तेव्हा आपल्या धोतराची चिंधी फाडून बांधली होती. वासुदेव वाट पाहत होता. हो म्हणतील, नाही म्हणतील, निदान डोक्यावर हात ठेवतील.

बुवा म्हणाले, “वर जा.”

वासुदेवाला कळलं नाही.

“माडीवर. जा.”

तो उठला. पायऱ्या चढला, मधून, दोन्ही हात अंगाला चिकटवून. सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला आणि वळला. खाली म्हातारा लहानसा दिसत होता.

“आता उतर.”

वासुदेवानं पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. डावीकडे कठडा होता. त्याचा हात तिकडे निघाला आणि मध्येच आखडला, कसा ते त्यानं पाहिलं, आणि कोणाचा हात असाच आखडला होता तेही त्याला कळलं. उजवीकडे भिंत होती. भिंतीवर तिची बोटं होती. त्यावर आपला तळवा ठेवायची त्याची हिंमत झाली नाही.

जिना इतका उभा आहे हे त्याला माहीत नव्हतं. बेचाळीस दांड्यांचं माप त्याला तोंडपाठ होतं, पण स्वतः बांधलेल्या जिन्यावरून असं खाली त्यानं कधी पाहिलं नव्हतं. चौथी पायरी दिसत होती. शेवटची पायरी दिसत होती.

दोन्ही हात हवेत तसेच.

...

“बुवा,” तो वरून म्हणाला, “मी कुठं धरू?”

झिंगरूबुवा दाराकडे निघाले होते. ते थांबले, पण वळले नाहीत.

“उतर म्हटलं मी. धर असं कुठं म्हटलं?”