घडी चुकलेलं दार

त्या दुखण्याला अजून नावसुद्धा मिळालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. हेमांगी नावाच्या मुलीच्या फुफ्फुसातल्या एका पेशीत एक मुकादम होता. आत घड्या घालून बनवलेलं प्रत्येक दार पारखायचं आणि मगच पेशीच्या भिंतीकडे पाठवायचं, हे त्याचं काम. भिंतीतलं दार उघडलं की खारं पाणी बाहेर झिरपायचं आणि छातीतला कफ पातळ राहायचा.

एक दार आलं, त्याची एक घडी चुकली होती.

"मोडा हे!" मुकादम म्हणाला.

"मुकादम, भिंतीपर्यंत जाऊ तर द्या," दार गयावया करू लागलं. "कुरकुरेन, पण उघडेन. तिथं दुसरं कुणीच नाही हो."

"असला माल माझ्या हातून जायचा नाही."

दार मोडलं. पण साचाच तसा होता. पुढचं दारही तसंच निघालं, त्याच्या पुढचंही. मुकादमाने एकही सोडलं नाही. बाहेर कफ डिंकासारखा घट्ट झाला आणि खोकल्याने पेशी गदगदा हलू लागली.

"कोण खोकतंय मघापासून?" मुकादम खेकसला. "धड काम करू देत नाहीत!"

एके दिवशी खोकला थांबला.

"आता कसं शांत वाटतं," मुकादम म्हणाला, आणि पुढच्या दाराची वाट बघत बसला.