हैबती मास्तरची चढाई

एका गावात एक भोळा मास्तर होता. भोळा असं गाव म्हणायचं, कारण गावाला थोडी लाज होती. मी म्हणतो, ठार बावळट. नाव हैबती. इंग्रजीचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. अक्कल काही त्या पुस्तकात छापलेली नव्हती, त्यामुळे ती पाठ करायची राहून गेली. दुसरं वेड कबड्डीचं. गावच्या संघाचा पिवळा बनियन तो लोकांच्या लग्नातसुद्धा घालून जायचा.

अशा या रत्नाला व्हिएतनाममधल्या एका शाळेनं इंग्रजी शिकवायला बोलावलं. तीन महिने काम बघणार, पसंत पडलं तर कायम करणार. निघताना तो ठकूआत्याच्या पाया पडला.

"आत्या, जातो."

आत्यानं पाठीत धपाटा घातला. "आरं येड्या, जातो म्हणू नाय. येतो म्हणावं. आन् हे बघ, कायम झाल्याचा कागद घिऊनच ये. त्याबिगर मला त्वांड दावू नगंस."

हैबतीनं खूणगाठ बांधली.

शाळेच्या मोठ्या बाईंचं नाव लान. त्या म्हणाल्या, "मुलांना तुमच्याकडच्या चालीरीती सांगा, खेळ शिकवा." झालं! पहिल्याच दिवशी यानं शिकवलं की जातो म्हणणं अभद्र, निघताना 'आय ॲम कमिंग' म्हणायचं. शाळा सुटली. चाळीस पोरं फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला 'आय ॲम कमिंग' म्हणत घरी पळाली. बिचारा दिवेलागणीपर्यंत फाटक उघडं धरून उभा राहिला.

बाई म्हणाल्या, "मास्तर, येतो म्हटलं की यायचं असतं."

"बरं, बाई."

रविवारी बाईंनी त्याला घरी चहाला बोलावलं. चहा पिऊन तो "येतो" म्हणाला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा चहा. पुन्हा "येतो". पाचव्या फेरीला डब्यातला चहा संपला. बाईंनी कपाळावर हात मारला. "मास्तर, एकदा गेलं की परत यायचं नाही हो!"

"बरं, बाई."

एवढं होऊनही पोरं त्याच्यावर खूश होती. मूर्ख माणूस पोरांना आवडतोच. त्यानं सगळ्या शाळेला कबड्डीचं वेड लावलं. शेवटी मास्तर विरुद्ध पालक असा सामना ठरला. पिवळा बनियन घालून हैबती चढाईला गेला. 'कबड्डी कबड्डी' करत त्यानं मधली रेघ ओलांडली, दोघांना शिवला आणि तिथंच मांडी घालून बसला.

"सर, परत या! परत या!" पोरं बोंबलली.

"बाई नको म्हणाल्यात," हा म्हणाला. तेवढ्यात दम तुटला आणि सामनाही गेला.

बाई लालबुंद झाल्या. "अहो, कुणाला शिवलं की थांबायचं नाही! दम न सोडता थेट आपल्या घरी पळायचं. तुम्हीच शिकवलंत ना?"

"बरं, बाई."

तीन महिने भरले. पोरांनी हट्टच धरला, म्हणून बाईंनी दात-ओठ खात त्याला कायम करायचं ठरवलं. सगळी शाळा मैदानात जमली. बाईंनी एका हातात कागद धरला आणि दुसरा हात हस्तांदोलनासाठी पुढे केला.

हैबतीनं तो हात हातात घेतला. म्हणजे बाईंना शिवला.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..." कागद बाईंच्या हातात तसाच राहिला. हा जो सुटला, तो फाटकातून थेट विमानतळावर. विमानात शेजारच्यांनी जागा बदलून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी ठकूआत्यानं दार उघडलं. दारात पिवळा बनियन. तोंडावर टॉवेल गुंडाळलेला. आत चालूच, "कबड्डी कबड्डी." उंबरा शिवून त्यानं दम सोडला.

"हैबती? आरं, कागद कुठाय?"

"बाईंच्या हातात."

"मग घेतला का न्हाईस?"

"थांबलो असतो तर धरला गेलो असतो की."

"आन् त्वांडाला ह्ये काय बांधलंस?"

"कागदाबिगर त्वांड दावू नगंस म्हणाली हुतीस."

आत्याला रडावं की हाणावं कळेना. सगळ्या आळीला तिनं आधीच पेढे वाटले होते. ती कडाडली, "जा मेल्या, त्वांड काळं कर!"

"येतो," म्हणाला हैबती, आणि टॉवेलाआडून चाचपडत चुलीवरचा तवा शोधायला गेला.