आजचे ठोके

सह्याद्रीच्या रानाने कुऱ्हाड पाहिली नव्हती, तेव्हाची गोष्ट. धनेशीण दोन पिल्लांसह ढोलीत राहायची. धनेश चारा आणून ठरलेले ठोके द्यायचा, मग ती ढोलीच्या तोंडाला आतून अडकवलेली लाकडाची ढलपी काढायची. ठोक्यांचा आकडा ती रोज बदलायची.

"रोज नवा आकडा! डोक्याला ताप नुसता," धनेश कुरकुरायचा.

"असू दे. कुणी ऐकत असेल."

घोरपड ऐकतच होती. एके दिवशी तिने शेपटीने आदल्या दिवसाचे तीन ठोके दिले. आजचे होते पाच. धनेशिणीने पिल्लांना पंखाखाली ओढून श्वास रोखला. शेवटी घोरपड कंटाळून गेली.

धनेश परतला, तर खोडावर नखांचे ओरखडे! त्याने पाच ठोके दिले. ढलपी निघाली.

"पिल्लं?"

"दोन्ही आहेत हो," धनेशीण म्हणाली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.