अंजिराची काडी

फार पूर्वी कुसुंभपूर नगरात पुष्करसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या खडकाळ टेकडीवर एका शेतकऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव वेणुदत्त. टेकडीवरचे लोक जव आणि तीळ पेरीत. माती थोडी आणि दगड फार, त्यामुळे पीक बेताचेच येई.

एकदा वायव्येकडून व्यापाऱ्यांचा तांडा आला. त्यांच्याजवळ ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या अंजिराच्या काड्या होत्या. त्या भागात अंजीर कुणी पाहिलेही नव्हते. हे झाड दगडातही मूळ धरते असे ऐकून वेणुदत्ताने आपला एक बैल देऊन त्या काड्या घेतल्या.

शेजारी हसले. म्हणाले, "बैल देऊन सरपण घेतलेस की रे!"

वेणुदत्तही हसला आणि कामाला लागला. पुढची काही वर्षे त्याने झाडांखाली पाचोळा पसरला, मुळांशी पाणी साचू दिले नाही, पाखरांपासून फळे जपली. झाडे भरली. अंजीर पिकले की दिवसभरही टिकत नाही, म्हणून तो पहाटेच तोडणी करी आणि टोपलीत पानांवर एकेक फळ निजवून नगरात नेई.

राजाने ते फळ चाखले आणि त्याला दुसरे काही गोड लागेना. त्याने दवंडी पिटवली : अंजीर फक्त राजवाड्यात यावे, वेणुदत्ताच्या बागेबाहेर कुणी ते लावू नये, आणि जो त्याच्या झाडाची फांदी तोडील त्याचा हात तोडला जाईल.

वेणुदत्ताचे घर भरले. गोठ्यात गाई आल्या. राजाचे सेवक आले आणि त्यांनी बागेभोवती काटेरी कुंपण घातले.

एका उन्हाळ्यात सकाळी बागेत जाताच वेणुदत्ताला एक जाड फांदी मोडलेली दिसली. जखमेतून पांढरा चीक ओघळत होता. चिकाचे थेंब वाटेवर पडत गेले होते. त्यांच्या मागोमाग तो टेकडीच्या टोकाला, कर्दम नावाच्या शेतकऱ्याच्या झोपडीपाशी पोहोचला.

झोपडीमागे कर्दमाची बायको कुंदिका वाकून एका खड्ड्यात पाणी घालीत होती. खड्ड्यात ती फांदी उभी होती. ऊन लागू नये म्हणून कुंदिकेने आपले लुगडे फाडून चार काठ्यांवर बांधले होते. फांदी मात्र उलटी लावलेली होती. तिचे सगळे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, जमिनीकडे तोंड करून होते.

वेणुदत्ताला पाहताच तिच्या हातातले मडके निसटले. कर्दम बाहेर धावत आला आणि त्याने वेणुदत्ताचे पाय धरले.

"दादा, हात गेला तर मी नांगर कसा धरू?"

वेणुदत्त त्या फाटक्या लुगड्याच्या सावलीकडे पाहत पुढे आला. मग तिथेच मातीत बसला.

"ही जगायची नाही, कर्दमा," तो म्हणाला. "एक तर उलटी लागली आहे, दुसरे म्हणजे फार जाड आहे. शिवाय उन्हाळ्यात अंजिराची काडी धरत नाही. थंडी सरू दे, मी स्वतः येईन."

दोघांना ते खरे वाटले नाही. पण थंडी सरत आली तेव्हा वेणुदत्त बोटाएवढ्या जाडीच्या काड्या घेऊन खरोखरच आला. डोळा वर कसा ठेवायचा, किती खोल पुरायचे, पाणी केव्हा थांबवायचे, हे त्याने कर्दमाचा हात हातात घेऊन शिकवले. काही दिवसांनी काड्यांवर कोवळी पाने फुटली. कुंदिका रोज सकाळी ती पाहून येई.

पाने फुटलेली पाहून वेणुदत्त आपण होऊन राजाकडे गेला.

"महाराज, आपली आज्ञा मी मोडली आहे. दुसऱ्याच्या शेतात मी माझ्या हाताने अंजीर लावले आहे. शिक्षा असेल ती या हाताला व्हावी."

राजा संतापला. "जे तुझ्यापाशीच आहे म्हणून तुला एवढे मोल मिळते, ते तू वाटून टाकलेस? वेडा आहेस काय?"

"महाराज, त्या टेकडीला जव पोसता येत नाही, अंजीर पोसता येते. हे मला ठाऊक असताना मी कुंपणाआड बसून राहिलो, तर माझा घास गोड कसा लागेल?"

एवढ्यात दारापाशी गलका झाला. वेणुदत्त राजाकडे गेल्याचे कळताच कर्दम आणि कुंदिका टेकडीवरून धावत आले होते.

"फांदी मी मोडली, महाराज," कर्दम धापा टाकीत म्हणाला. "शिक्षा मला व्हावी, दादांना नव्हे."

"मोडायला मी लावली," कुंदिका म्हणाली.

"तू? कशासाठी?" राजाने विचारले.

ती मान खाली घालून सांगू लागली, "कुंपणाबाहेर एक अंजीर पडले होते, महाराज. मी उचलले आणि खाल्ले. ते इतके गोड होते की सगळे संपल्यावर मला यांची आठवण झाली. अर्धे ठेवायला हवे होते. रात्री मी रडले, तेव्हा हे म्हणाले, झाडच आणतो, मग दोघे मिळून खाऊ."

 राजासमोर टोपलीभर अंजीर होते. तो रोज एकटाच जेवीत असे. त्याने एक फळ उचलले, हातात धरले आणि परत ठेवले.

"मी इतकी वर्षे हे फळ खातो आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "अर्धे कुणासाठी ठेवावे असे मला एकदाही वाटले नाही."

त्याने तिघांनाही सोडून दिले आणि दवंडी मागे घेतली. कुंपण वेणुदत्ताने स्वतः उपटले. ज्याने मागितल्या त्याला त्याने काड्या दिल्या, आणि त्या लावायलाही गेला. अंजिराला पूर्वीचा भाव पुन्हा कधी आला नाही, वेणुदत्ताच्या गोठ्यातल्या गाईही कमी झाल्या. पण टेकडीवरचे लोक पोटभर जेवू लागले आणि दूरदूरचे तांडे त्यांची सुकवलेली अंजिरे न्यायला येऊ लागले.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात जमलेल्यांकडे पाहिले. ते म्हणाले, "राजवैभव सोडून काल ज्याने चीवर घेतले, तो भिक्षू त्या वेळी राजा पुष्करसेन होता. त्या खांबाशी एकाच चटईवर बसलेले वृद्ध उपासक आणि उपासिका म्हणजे कर्दम आणि कुंदिका. वेणुदत्त मीच होतो. पिकलेले फळ पुष्कळ जण देतात. ज्यावर आपला लाभ उभा आहे ती काडी देणे आणि ती कशी रुजवावी तेही शिकवणे, याला दानपारमिता म्हणतात."